एका चपलेचा देव

आमच्या घरात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे. त्याला पगार नाही, बढती नाही, आणि ऐकणारे एकेक करून राजीनामा देऊन निघालेत. बायकोने लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी दिला. मुलगी आता चौदा वर्षांची आहे, तिचा नोटीस पिरियड चालू आहे.

पोटापाण्यासाठी मी अबू धाबीत लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत काम करतो. मला लिफ्ट दुरुस्त करता येते असा कृपया समज करून घेऊ नका. लिफ्ट बंद पडली की ती बंद पडल्याचे ईमेल मी पाठवतो. राहतो अल रीम आयलंडवर, सत्ताविसाव्या मजल्यावर. इथून खालची माणसं मुंग्यांएवढी दिसतात. हे वाक्य पाहुण्यांना ऐकवायला मला फार आवडायचं. आता मी ते बोलत नाही.

यंदा मुलीच्या शाळेत एक ग्रीक नाटक बसवत होते. त्यात ती देवांची राणी झाली होती. नाटकातला वीर कोण हे तिने सांगताच मी चहाचा कप खाली ठेवला आणि बाह्या सरसावल्या. कारण ही गोष्ट माझी. लहानपणी मी ती माझ्या धाकट्या भावाला इतक्या वेळा सांगितली होती, की आमच्या घरात त्या वीराला नावाने कोणी ओळखत नसे. तो नुसता 'गदावाला' होता.

"ऐक," मी म्हटलं. "गदावाला जन्मला त्या दिवसापासून देवांच्या राणीचा त्याच्यावर डोळा. पाळण्यात दोन साप सोडले तिने. बाळाने दोन मुठींत दोन साप आवळून टाकले. मोठा झाला, लग्न झालं, मुलं झाली. घरी सुखाने राहतोय म्हटल्यावर राणीला राहवेना. तिने त्याच्या डोक्यात वेड सोडलं. समोर स्वतःची मुलं, पण त्याला वाटलं शत्रूच उभे आहेत. त्याने गदा उचलली. आणि इतक्यात वर डोंगरावरून एक छोटा देव धावत सुटला. जाडा, धापा टाकतोय, वाटेत एक चप्पल निसटली तरी थांबला नाही. एका चपलेने खाली पोचला आणि ओरडला, अरे थांब, ही तुझीच पोरं!"

मुलीने हातातली नाटकाची वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली.

"पप्पा, देअर इज नो सच गाय."

"असेल गं, नीट बघ."

"आय चेक्ड. ही किल्स देम. ऑल ऑफ देम. वन गॉडेस थ्रोज अ रॉक अॅट हिम, बट दॅट्स आफ्टर." मग माझं तोंड पाहून तिला दया आली असावी. "युअर व्हर्जन इज क्यूट, दो."

ती म्हणत होती ते खरं होतं. तो देव मी तयार केला होता. आमच्या वसईच्या गावात चर्चच्या वाचनालयात एक फाटकं पुस्तक होतं, त्यातून मी नऊ-दहा वर्षांचा असताना ही गोष्ट भावाला पहिल्यांदा सांगितली, आणि तेव्हा जशी होती तशी सांगितली. भाऊ पाच वर्षांचा. तोवर तो मजेत होता, वाडीत पाणी द्यायचा रबरी पाइप साप समजून आवळत होता आणि आई, "अरे, पाइप फुटेल, मेल्या!" म्हणून ओरडत होती. मुलं मेली म्हटल्यावर त्याने पाइप सोडला. मग त्याने विचारलं, "दादा, वर देव बसलेले ना? सगळे बघत होते ना?"

"हो."

"मग एकाने पण खाली येऊन त्याला सांगितलं नाही?"

तो रडायला लागला तो थांबेचना. आई पदराला हात पुसत आली आणि न विचारता मला एक ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी मी एका चपलेचा देव गोष्टीत घातला. भावाला तो गदावाल्यापेक्षाही आवडला. चप्पल कुठे पडली, कोणत्या पायातली, नंतर सापडली का, असल्या चौकशा त्याने पुढे दोन वर्षं केल्या.

हा भाऊ मोठेपणी स्वतःच गदावाला झाला. उम्म अल कुवैनला फायबरच्या होड्या बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन. दंड असे, की त्याच्या शर्टाच्या बाह्या त्याच्या बायकोला उसवून द्याव्या लागत. आमच्या घरी आला की गॅसचा सिलिंडर एका हाताने उचलून दाखवायचा, आणि मी शेजारी उभा राहून पोट आत ओढायचो. आईचा तो लाडका होता. याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे पंचेचाळीस वर्षं होती, आता नाही.

आईला टाइप करता येत नव्हतं. ती रोज सकाळी चर्चमधून, मिस्साहून आली की भावाला व्हॉइस मेसेज पाठवायची. मलाही पाठवायची, पण माझा दहा सेकंदांचा असे आणि त्याचा तीन मिनिटांचा. तिचे पाय बारमाही गार पडायचे. भावाने इथून तिला राखाडी रंगाचे जाड लोकरी मोजे पाठवले होते. वाळवंटातून लोकरीचे मोजे पाठवणारा जगात तो एकटाच असेल. दर मेसेजच्या शेवटी तो विचारायचा, "मोजे घातलेस का?" आणि ती दर मेसेजच्या शेवटी म्हणायची, "घातले रे बाबा."

नाटकाच्या तालमी चालू असताना एका गुरुवारी कारखान्यात होडीचा साचा उचलताना भाऊ खाली बसला. हार्ट अटॅक. मी दोन तास गाडी हाणत हॉस्पिटलला पोचलो तोवर त्याला स्टेंट घालून झाला होता. डॉक्टर हैदराबादचे. म्हणाले, "देखिए, अभी खतरा टल गया है. मगर एक महीना टेन्शन बिलकुल नहीं देना. कोई शॉक नहीं. और ट्रॅव्हल तो भूल जाइए."

भाऊ पलंगावर आडवा, नाकात नळी. मला म्हणाला, "दादा, आईला अटॅक म्हणू नकोस. अॅसिडिटी सांग."

"बरं."

"नाताळला जातोच आहे. तेव्हा सांगेन मी."

"इन्शाल्ला," मी म्हटलं. इथे पंचवीस वर्षं राहिलं की हा शब्द आपोआप येतो.

शनिवारी त्याला घरी सोडलं. सोमवारी पहाटे ताईचा वसईहून फोन आला. ताई आमच्यात सगळ्यात मोठी, आईजवळ तीच राहायची. आई झोपेतच गेली होती. ताईने सांगितलं, मी ऐकलं, आणि दोघांच्याही तोंडून पुढचं वाक्य एकदमच निघालं: त्याला सांगायचं नाही.

आखातात माणसं पाठवणाऱ्या घरांत ही रीत आहे. तिकडे एकटा आहे, काय करणार, उगाच कशाला, आला की सांगू. आमच्या आळीत एकाला बाप गेल्याचं अकरा महिन्यांनी, विमानतळावरून घरी येताना रिक्षात सांगितलं होतं. त्या वेळी मी ताईला म्हटलं होतं, किती निर्दयी माणसं आहेत. आता अर्ध्या तासात आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप तयार झाला: मी, ताई आणि भावाची बायको. ताई म्हणाली, "डॉक्टर बोललाय ना शॉक नाही म्हणून? मग खलास. महिन्याने सांगू." भावाची बायको रडत म्हणाली, "मी मोबाईल काढून घेते त्यांच्याकडून. गावच्या ग्रुपवर येईलच ना." मी म्हणालो, मी त्याला सांगतो की मी ट्रेनिंगला दम्मामला चाललोय. सगळं कसं चोख ठरलं. सत्ताविसाव्या मजल्यावर बसून मी एका माणसाच्या आईचं मरण महिनाभर पुढे ढकललं.

विमानात बसलो. मंगळवारी दुपारी माती होती. आई पुढच्या खोलीत, पेटीत, तोंडावर जाळी. गाव जमला होता, बायका जपमाळ म्हणत होत्या, आणि माझ्या खिशात फोन वाजला. भाऊ. बायकोच्या फोनवरून व्हिडिओ कॉल. मी कट केला. पुन्हा वाजला. मी मागच्या न्हाणीघरात गेलो, दार लावलं, पाठ पांढऱ्या टाइल्सना टेकवली आणि उचलला.

"दादा, हॉटेल चांगलं दिसतंय."

"हो, फोर स्टार आहे."

"आई फोन उचलत नाही रे सकाळपासून. घरी लावून बघतोस का?"

बाहेर जपमाळेचा आवाज चढला. मी नळ सोडला. "झोपली असेल रे," मी म्हणालो.

"या वेळेला?"

"झोपलीय. ताईशी बोललोय मी."

"बरं, झोपू दे," तो म्हणाला.

तेव्हा मी एवढंच करायला हवं होतं. त्याच फोनचा कॅमेरा उलटा करायचा आणि दहा पावलं चालून पुढच्या खोलीत जायचं. त्याने तिचा चेहरा पाहिला असता. अजून पाऊण तास तो चेहरा वर होता. दहा पावलं. मध्ये डोंगर नव्हता, लिफ्ट नव्हती. मी तोंडावर पाणी मारलं, नळ बंद केला आणि एकटाच बाहेर आलो.

बुधवारी मी परतलो. तिकडे आईचा फोन ताईकडे. सकाळ झाली आणि मेसेज गेला नाही तर भावाला कळणार, म्हणून ताईने आईच्या नंबरवरून त्याला गुलाबाचं चित्र पाठवलं, खाली 'शुभ सकाळ'. भावाची बायको त्याला दिवसातून दहा मिनिटं फोन देत असे, तेवढ्यात त्याने मला विचारलं, "आई फुलं पाठवायला लागली, दादा. बोलत का नाही?"

मी क्षणभरही अडखळलो नाही. "घसा बसलाय तिचा. डॉक्टरने आठ दिवस बोलायचं नाही सांगितलंय. हळद-मिठाच्या गुळण्या चालू आहेत, पण तुला माहितेय ना ती, मीठ जास्त टाकते आणि मग ओकारी काढते. ताई वैतागलीय."

भाऊ हसला. अटॅक आल्यापासून पहिल्यांदा. फोन ठेवून वळलो तर मुलगी दारात उभी. तिला आम्ही सांगितलं होतं, काकाला बोलायचं नाही.

"यू आर रिअली गुड अॅट धिस, पप्पा," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. तालमीला जायचं होतं तिला.

त्यानंतर भाऊ रोज आईला व्हॉइस मेसेज पाठवू लागला. ताईने एकदाच मला त्यातला एक ऐकवला, आणि म्हणाली, "उद्यापासून हे तू ऐक. मला जमत नाही." भाऊ अगदी हळू बोलत होता, जणू तिच्या घशाला त्याच्या आवाजाने त्रास होईल. "आई, तू बोलू नकोस. नुसतं ऐक. मी बरा आहे. अॅसिडिटी होती, गेली. तू गरम पाणीच पी. फॅन लावू नकोस. आणि मोजे घाल. हो म्हणायची गरज नाही, फूल पाठव." ताईने फूल पाठवलं होतं.

आता माझ्या शहाणपणाचा कळस. सातव्या दिवसाची मिस्सा आली. आमच्याकडे ती चुकवत नाहीत. गावी ताईने ठेवली होतीच, पण मला वाटलं मीही इथे ठेवावी. खरं सांगायचं तर पाप टोचत होतं आणि मला ते देवाकडे परस्पर मिटवायचं होतं. अबू धाबीत आमच्या चर्चमध्ये त्या रविवारी नेमकी मराठी मिस्सा होती. ऑफिसात जाऊन चिठ्ठी भरली. चिठ्ठीत मयताचं नाव लिहायचं. आईचं नाव लिहिलं, बाबांचं नाव, आडनाव, आणि मग हात आपोआप पुढे गेला. आमच्या गावात त्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या निदान पाच बायका निघतील. म्हणून मिस्साच्या चिठ्ठीवर घराची खूणही लिहायची, नाहीतर प्रार्थना भलत्याच घरी जाईल अशी जुन्या माणसांना भीती. आमच्या घरासमोर एके काळी चिंच होती. मी लिहिलं, 'चिंचेकडची'.

नुसतं नाव असतं तरी चाललं असतं. देवाला पत्ता लागत नाही. पण मी ईमेल पाठवणारा माणूस, तपशील अपुरा ठेवत नाही.

रविवारी मी पुढून तिसऱ्या बाकावर बसलो. फादरनी सुरुवातीला नावं वाचली. आईचं नाव आलं, चिंचेकडची आलं. मी डोळे मिटले आणि मला बरं वाटलं, हे कबूल करतो. चांगला मुलगा असल्यासारखं वाटलं. वेदीच्या बाजूला तिकाटण्यावर एक कॅमेरा होता. तो तिथे कित्येक वर्षं आहे. आजारी आणि दूरच्या लोकांसाठी मिस्सा ऑनलाइन दाखवतात, हे मला माहीत आहे. कोविडमध्ये मी स्वतः लुंगीवर बसून पाहिलीय.

भावाची बायको नंतर म्हणाली, "सकाळपासून मागे लागले होते, मिस्साला जाता येत नाही, मराठी मिस्सा आहे, ऑनलाइन तरी लाव. मी म्हटलं, तेवढं तरी देवाचं बघू दे."

पहिलं वाचन सुरू होतं तेव्हा खिशात फोन थरथरला. मी बाहेर अंगणात आलो. ऊन डोळ्यांवर आलं.

"दादा," भाऊ म्हणाला, "फादरनी आत्ता कोणाचं नाव घेतलं?"

आणि मी, या गोष्टीतला मी, तेव्हाही म्हणालो, "दुसरी कोणी असेल रे. आपल्या गावात त्या नावाच्या—"

"चिंचेकडची एकच आहे."

त्याचा श्वास ऐकू येत होता. मी तो मोजत होतो, खरंच मोजत होतो, कारण त्या श्वासासाठीच आम्ही हे सगळं केलं होतं. श्वास चालू होता. सात दिवस ज्याला भ्यायलो ते त्याच्या हृदयाने उभ्याउभ्या घेतलं.

"कधी?" त्याने विचारलं.

"सोमवारी. पहाटे."

"मग फुलं?"

"ताई."

"आणि तू दम्मामला..."

"वसईला होतो."

त्याने फोन ठेवला. मिस्सा अर्धी टाकून मी गाडी काढली. अबू धाबी, दुबई, शारजा ओलांडून उम्म अल कुवैन येईपर्यंत मी निदान सहा कारणं तयार केली. डॉक्टर. बायको. ताईचा आग्रह. तुझ्याच भल्यासाठी. सगळी खरी होती आणि सगळीच वरच्या मजल्यावरची होती.

दार त्याच्या बायकोने उघडलं. डोळे सुजलेले. "बोलत नाहीत," ती म्हणाली. भाऊ खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. सात दिवसांत त्याच्या बाह्या सैल झाल्या होत्या. मी समोर स्टुलावर टेकलो. कारणांतलं पहिलं तोंडात आणलं तेवढ्यात तो म्हणाला,

"दादा, तो एका चपलेचा देव कुठे राहिला रे?"

मी खाली बघितलं.

"लिफ्ट बंद होती का?"

त्याला हसवायचं नव्हतं आणि मला हसायला आलं नाही. बरीच वर्षं मी त्याला रडवलं नव्हतं, त्यासाठी अख्खा एक देव रचला होता. आता तो रडला. तोंड उघडून, लहानपणी रडायचा तसा. फरक इतकाच की आता पदराला हात पुसत कोणी आलं नाही आणि मला कोणी ठेवून दिली नाही. मी फार वाट पाहिली त्या चापटीची.

बऱ्याच वेळाने त्याने नाक पुसलं. "सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून. कोण आलं होतं, काय झालं. आणि शेवट बदलू नकोस."

मी सांगितलं. ताईच्या फोनपासून. पेटी कोणत्या लाकडाची, साडी कोणती, पेटी उचलायला कोणकोण होतं, आणि चौथ्या कोपऱ्याला, जिथे त्याचा खांदा असायला हवा होता तिथे, शेजारचा माणूस लावला तेही. न्हाणीघराचं सांगितलं. नळाचं सांगितलं. तेव्हा त्याने मान फिरवली, पण थांब म्हणाला नाही. झाकण लावलं तिथवर आलो.

"पायात मोजे होते?" त्याने विचारलं.

माझ्या डोळ्यांसमोर ते लगेच उभे राहिले. राखाडी, नीट ओढून बसवलेले, वर साडीची किनार. मला अशी चित्रं पटकन दिसतात, हाच माझा धंदा. 'हो' ओठांवर आलं होतं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी बघितलं नाही."

त्याने फोन उचलला आणि आईचा नंबर लावला. पडद्यावर तिचा फोटो आला, चर्चच्या जत्रेतला, कपाळावर आठी. बेल वाजत राहिली. सात दिवस तो फोन कोणी उचलत नव्हतं. मी आधीच ताईला कळवलं होतं, त्याला समजलंय म्हणून. तिने उचलला.

"बोल रे," ताईचा आवाज फुटला.

"ताई, आईला मोजे घातले होते?"

ताईलाही हो म्हणता आलं असतं. आम्ही एकाच आईची पोरं, तिला काही मी शिकवायला नको.

"नाही रे," ती म्हणाली. "गडबडीत कुणाच्या लक्षातच आलं नाही. पाय उघडेच होते."

भाऊ खिडकीबाहेर बघत राहिला. समोरच्या मैदानात ऊन होतं, रंग उडालेली एक होडी उलटी घालून ठेवली होती.

"आता कुठेत ते?"

"कपाटात. तिच्या साड्यांखाली."

"राहू देत तिथेच," तो म्हणाला. "धुऊ नकोस. मी आलो की घेऊन जाईन तिच्याकडे."